डाव्या पायातला खिसा

त्या सकाळी मास्टर नेहमीसारखे जिना उतरून दुकानात आले, टेप गळ्यात अडकवला आणि पोस्टात नव्याने लागलेल्या एका कारकुनाचं माप घ्यायला उभे राहिले. शेवटचा साधा दिवस असाच दिसतो. इस्त्री तापत होती. थोरला मुलगा काजाचं मशीन उघडून त्यातला अडकलेला दोरा चिमट्याने ओढत होता. शाळेला सुट्टी म्हणून माहेरी आलेली धाकटी दाराजवळच्या बाकावर बसून उत्तरपत्रिका तपासत होती.

कंबर, सीट, मांडी, उंची. मास्टर आकडे बोलत गेले, थोरला पाठमोराच ते पुन्हा म्हणत गेला. मग टेप गुंडाळताना, खाली बघतच, मास्टरांनी विचारलं, "सामान कुठल्या अंगाला?"

"कसलं सामान?" कारकुनाने बाकाकडे, आपल्या पिशवीकडे पाहिलं.

"पिशवीतलं नव्हे, तुमचं. डाव्या अंगाला राहतं की उजव्या? त्या बाजूला मी बोटभर कापड जास्त सोडतो. नाहीतर बसताना ओढ लागते, आणि मग तुम्ही शिंप्याला शिव्या घालता."

कारकून कानापर्यंत लाल झाला. बाकावरच्या बाईला ऐकू जाऊ नये अशा बेताने तो "डाव्या" म्हणाला.

"डावं," मास्टरांनी थोरल्याला सांगितलं. कंबर सांगितली होती त्याच आवाजात.

हा प्रश्न दुकानाइतकाच जुना. थोरला हाताशी आला तेव्हा मास्टरांनी त्याला बजावलं होतं, की हे विचारताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही आणि हसायचं नाही. आपण हसलो की त्याला लाज वाटते, नाही हसलो की ते नुसतं माप असतं. धाकटीनेही हे वाक्य जिन्यात बसून ऐकलं होतं, आणि पुढे विज्ञानाची शिक्षिका झाल्यावर ते तिच्याच जास्त कामी आलं. दरवर्षी ती फळ्यावर उत्सर्जन संस्थेची आकृती काढायची. वर दोन मूत्रपिंडं, त्यांतून निघणाऱ्या मूत्रवाहिन्या, खाली मूत्राशय आणि सगळ्यांत शेवटी, एका आखूड रेघेपुढे, मूत्रमार्ग. मागच्या बाकांवर खिदळणं सुरू झालं तरी ती हसायची नाही. थोड्या वेळाने मुलं आपोआप गप्प व्हायची आणि आकृती उतरवून घ्यायची.

घरात तिने तो शब्द कधी उच्चारला नव्हता. मास्टरांना त्याच आखूड रेघेचा कॅन्सर झाला आहे हे कळल्यावरही नाही.

हा फार क्वचित होणारा कॅन्सर आहे, लाखांत एखाद्याला, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी परतताना रिक्षात मास्टरच म्हणाले, "लाखांत एक निघावं असं आयुष्यभर वाटायचं. निघालो ते असे." तेवढंच. त्यानंतर त्यांनी या विषयावर विनोदही केला नाही. दुखणं जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलं होतं, त्यामुळे शस्त्रक्रियेत अर्थ नव्हता. ओटीपोटातून एक नळी काढून तिची पिशवी डाव्या पायाला बांधून दिली होती. मास्टरांनी आपल्या दोन पँटी उसवल्या, डावा पाय सैल केला, आत मऊ फलालीनचा लांबट खिसा शिवला आणि खाली मोहरीपाशी शिवणीत टिचबटणं लावली, म्हणजे पिशवी रिकामी करायला पँट वर करावी लागू नये. काम इतकं सुबक होतं, की समोर उभ्या असलेल्या माणसालाही एक पाय दुसऱ्यापेक्षा सैल आहे हे दिसायचं नाही.

त्या दिवशी त्यांनी कारकुनाची पँट कापली. मोहरी किती ठेवायची यावरून थोरल्याशी त्यांची थोडी वादावादी झाली, त्यात मास्टर जिंकले. दुपारी ते वर जाऊन आडवे झाले. संध्याकाळी त्यांना थंडी वाजून ताप भरला. जंतुसंसर्ग रक्तात उतरला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून मास्टर सोडून सगळे परत आले, तेव्हा टेबलावर कारकुनाच्या पँटचे भाग खडूच्या रेघांसकट तसेच पडले होते, आणि इस्त्रीच्या बटणाचा लाल दिवा कालपासून चालूच राहिला होता.

*

"मुतखडा होता," आई म्हणाली.

समोर बसलेल्या बाईने मान हलवली. तिच्या मेव्हण्यालाही झाला होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या घरात कुणाला ना कुणाला मुतखडा होऊन गेलेला होता, हे आईला या चार-दोन दिवसांत कळलं. एकाचा हरभऱ्याएवढा होता, एकाचा काटेरी होता आणि तो अजून डबीत ठेवलेला होता. एकाचा कसलासा पाला उकळून प्यायल्याने आपोआप पडला होता. माणसं सांत्वनाला येत आणि बघता बघता आपापल्या खड्यांच्या गोष्टी सांगत बसत. दाराजवळ स्टुलावर मास्टरांचा धाकटा भाऊ बसलेला असे. त्याचं चौकापलीकडे दोरे-बटणांचं दुकान होतं, आणि तो स्वतःही बुटका, गोल, चकाकणारा, म्हणून घरातली सगळी त्याला बटणकाका म्हणत. तो येणाऱ्यांना पाणी देई आणि जाणाऱ्यांना जिन्यापर्यंत पोचवी. पाल्याची गोष्ट निघाली तेव्हा मात्र तो स्टूल पुढे ओढून बसला. पाला ताजा घ्यायचा की वाळलेला, किती पाण्यात उकळायचा, अनशापोटी प्यायचा का, असं सगळं त्याने विचारून घेतलं. आईला वाटलं, बिचारा, भावाला द्यायला हवा होता असं त्याच्या मनात येत असेल.

मुतखडा हा शब्द पहिल्यांदा तिच्याच तोंडून निघाला होता. मास्टर नळी बसवून घरी आले, त्या दिवशी शेजारणीने जिन्यात विचारलं आणि आईने पटकन सांगून टाकलं. मुतखडा हे अब्रूदार दुखणं. ते न्यायाधीशांनाही होतं. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही.

कारण दुसऱ्या शब्दात तो येत होता. डॉक्टरांनी मास्टरांना तपासायला घेतलं, तेव्हा आई पडद्याच्या अलीकडे बसली होती. आत धाकटी होती, शिकलेली म्हणून. डॉक्टर म्हणाले, हे असं होण्यामागे बऱ्याचदा जुनं काहीतरी असतं. त्या जागी मार लागून नळी आतून आवळत जाते, वर्षानुवर्षं सुजत राहते आणि कधी कधी तिथेच हे उगवतं. तुम्हाला पूर्वी कधी तसा मार लागला होता का?

"नाही," मास्टर म्हणाले.

मग डॉक्टरांनी आवाज खाली आणून दुसरं विचारलं. तरुणपणी कधी बाहेरून काही संसर्ग झाला होता का?

त्यावर मास्टर काहीच बोलले नाहीत.

आईने पडद्यामागून एक नकार ऐकला आणि एक मौन ऐकलं. लग्नाआधी मास्टर तीन-चार वर्षं दुसऱ्या गावी कारागीर म्हणून राहिले होते. त्या वर्षांबद्दल तिने कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारता येत नव्हतं. ती त्यांची पिशवी रिकामी करायची, नळीच्या कडेची कातडी कोमट पाण्याने पुसायची, हात जराही आखडता घ्यायची नाही, आणि त्याच वेळी तिच्या मनात ते मौन ठसठसत असायचं. नवरा मरणाच्या दारात आहे आणि आपण त्याची जुनी वर्षं चाचपतोय, याची तिला त्या दुखण्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

दुपारी मास्टरांचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. त्यांना मुतखडा नव्हता, मूळव्याध होती. ते म्हणाले, "मी तर वहिनी, लगेच दाखवलं. नाहीतर अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी गत व्हायची. माझा जावई खरंच डॉक्टर आहे."

एरवी या म्हणीवर कुणीही हसलं असतं. पण खोलीत कुणी हसलं नाही. सून कप गोळा करायला वाकली. थोरला खिडकीबाहेर बघू लागला. ती शांतता भरून काढायला बटणकाका पुढे सरसावला. त्याचा स्वभावच तसा, कुठे भोक दिसलं की बटण लावायचं.

"अवघड जागा म्हणाल तर आमच्या भावाला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "आम्ही दोघं शिकाऊ होतो तेव्हा उस्तादांची सायकल न विचारता काढली होती. भाऊ चालवतोय, मी मागे. उतारावर चेन सुटली. मी उडालो तो थेट गवतात. आणि भाऊ आपटला दांडीवर. असा." त्याने दोन्ही हातांनी दांडी दाखवली. "आठवडाभर बदकासारखा चालत होता. मोरीत गेला की भिंतीला डोकं टेकून उभा राहायचा. पाणी लाल व्हायचं ते मला दाखवायचा आणि म्हणायचा, कुणाला सांगितलंस तर याद राख. घरी सांगितलं, पाय मुरगळला."

हेडक्लार्क पोट धरून हसले. सूनही हसली, थोरल्यालाही हसू आलं. बापाची अशी एखादी गोष्ट तो गेल्यावर कळली की ती अंगावर घ्यावीशी वाटते.

आईच्या हातातला अडकित्ता जागीच थांबला. तिने मान वर केली, तर समोरून धाकटी तिच्याकडेच बघत होती. दोघींनी एकाच वेळी नजर वळवली.

*

सुनेने जे ऐकलं ते जिन्यात ऐकलं. ती रिकाम्या बाटल्या घेऊन वर येत होती, आणि खालच्या वळणावर दोन बायका चपला घालत होत्या. एक म्हणाली, "खड्याने कुणी मरतं का हल्ली?" दुसरी म्हणाली, "दुकान बघ केवढं चालतंय. पण म्हाताऱ्याला चांगल्या ठिकाणी न्यायचं म्हटलं की हात आखडतो."

तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि नवऱ्याला, सासूला, नणंदेला शब्दन् शब्द सांगितला. सांगताना तिचा आवाज चिरकला. आजवर या बाबतीत ती सासूच्या बाजूने होती. मुतखडा म्हणा तर मुतखडा. पण आता तिच्या नवऱ्यावर बालंट येत होतं.

"मग मुतखडा नको म्हणू या," ती म्हणाली. "कॅन्सर म्हणू. कॅन्सरला कुणी काही बोलत नाही."

"कशाचा, असं विचारतात," थोरला म्हणाला.

"पोटाचा सांगा. पोट सगळ्यांना असतं."

"पोटाचा नको. किडनीचा बरा. मुतखड्याला जवळ पडतो, शब्द फार फिरवावा लागणार नाही. आधी खडा वाटला, मग कळलं, असं सांगता येईल."

"किडनीचा असेल तर पायाला पिशवी कशाला, असं विचारलं कुणी तर?"

"पिशवी कुणाला दिसली होती?"

गिऱ्हाइकासमोर कापडाचे तागे उलगडावेत तसे दोघं एकेक अवयव उलगडून बघत होती. धाकटी ओट्याला टेकून उभी होती. वर्गात कुणी मूत्रपिंडाच्या जागी मूत्रमार्ग लिहिलं असतं, तर तिने लाल रेघ ओढली असती. इथे तिने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा ठेवलं.

"शब्द फिरवायचा नाही," आई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकलेली राहिलीय कुठे, आई?" सून म्हणाली. "तुम्ही झाकताय आणि लोक ह्यांच्या खिशात डोकावतायत."

"लोकांना काय, आज बोलतील, उद्या विसरतील. पण ते कळलं तर विसरणार नाहीत. दुकानात येतील तेव्हा तुझ्या सासऱ्याच्या फोटोकडे बघून हसतील."

"तू सांग ना," थोरला बहिणीवर घसरला. "एवढी शिकलीस. तू काहीच बोलत नाहीस."

तिने फडक्याची घडी पुन्हा मोडली. थोरल्याला त्याचा राग आला, आणि त्या रागाच्या खाली स्वतःचाच राग होता, तो त्याला ओळखू येत होता. गेल्या वर्षभरात वडिलांनी आपल्या पँटी दोनदा उसवलेल्या त्याने पाहिल्या होत्या. पुढच्या बाजूने कापड वाढवलं, आतून दुहेरी अस्तर लावलं. शिंप्याच्या मुलाला याचा अर्थ कळायला हवा होता, आणि त्याला तो कळलाच होता. वय झालं, थेंब थेंब गळत असेल. दुकानातल्या कारागिराला त्याने ते हसत हसत सांगितलंही होतं. अस्तर कशासाठी, हा प्रश्न समोर उभं राहून विचारणं मात्र त्याला जमलं नव्हतं. हजार लोकांना त्याने डावं की उजवं विचारलं होतं.

सुनेकडे आणखी एक तुकडा होता, तो तिने कुणालाच दाखवला नव्हता. मास्टर आपले आतले कपडे स्वतः धुवायला लागले होते. भल्या पहाटे, नळ सोडून. तिने शेजारणींना कौतुकाने सांगितलं होतं, आमचे सासरे फार समजूतदार, सुनेला त्रास नको म्हणतात. एकदा मोरीच्या फरशीवर तिने तांबूस ओघळ पाहिला आणि तांब्याभर पाणी ओतून दिला. सुनेने सासऱ्याच्या आतल्या कपड्यांबद्दल बोलायचं म्हणजे कसं, आणि कुणाशी?

प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. जोडून बघितले असते तर पूर्ण माणूस झाला असता. या घरात तर जोडण्याचाच धंदा होता.

"मला वाटतं, आत्ता काहीच नको ठरवायला," थोरला शेवटी म्हणाला. "आधी कपाट रिकामं करू. वृद्धाश्रमाचा माणूस कपडे न्यायला येणार आहे."

*

मास्टरांचं कपाट म्हणजे एखाद्या दुकानाचा आरसाच. शर्ट रंगाप्रमाणे, पँटी कापडाप्रमाणे, प्रत्येकीची इस्त्रीची धार जागच्या जागी. धाकटी एकेक काढून पलंगावर ठेवत होती आणि सून चादरीत बांधत होती. आई पायथ्याशी बसली होती, थोरला टेप घेऊन खिडकीपाशी उभा होता. गाठोडं उचलायला म्हणून बटणकाका आला, आणि दारात थोडा घुटमळला.

"यातलं मला काही मिळेल का?" त्याने विचारलं.

"अहो भावजी, हे काय विचारणं झालं?" आई म्हणाली. "घड्याळ घ्या त्यांचं. किंवा तो लोकरीचा कोट."

"कोट नको. त्या दोन पँटी द्या. ती तपकिरी आणि ती करडी."

थोरला हसला. "काका, तुमची कंबर आणि बाबांची कंबर! त्या पँटीत तुमचा एक पाय मावेल फार तर."

"कंबर तू वाढवून दे. दुकान कशाला काढलंय?"

"वाढवायला आत तेवढं कापडच नाही. उंचीचं काय? हातभर मोहरी लोळेल जमिनीवर."

"मोहरी नको कापूस," काका घाईने म्हणाला. "खालून काही कापू नकोस. वरून बघ काय ते."

"वरून? पँट वरून आखूड करतात होय कुणी?"

"देऊन टाक रे त्यांना," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "भावाची आठवण आहे. घालतील नाहीतर नुसत्या ठेवतील."

काकाने तपकिरी पँट हातात घेतली. ती उलगडून त्याने अंगाला लावून बघितली नाही, कापडही चाचपलं नाही. डाव्या पायाच्या मोहरीतून हात आत घातला आणि कोपरापर्यंत वर नेला. आत फलालीनचा खिसा होता, तिथे त्याचा हात थांबला. मग अंगठ्याने त्याने एक टिचबटण उघडलं आणि परत लावलं. टिच्.

ती बटणं त्याच्याच दुकानातून गेली होती. लोखंडी नकोत, गंजतात, पितळी दे, असं मास्टरांनी त्याला सांगितलं होतं. कशासाठी, तेही सांगितलं असणार. खड्यामुळे पिशवी लावावी लागते, एवढंच.

धाकटीच्या हातात एक शर्ट होता. तो तिने खाली ठेवला. स्टूल पुढे ओढून पाला किती पाण्यात उकळायचा विचारणारा काका तिला आठवला. काल तासाभरात तो तीनदा मोरीत गेला होता, आणि तिन्ही वेळा आत नळ सुरू राहिला होता. बाहेर आला तेव्हा कपाळावर घाम होता आणि तो म्हणाला होता, काय उकडतंय. उकडत नव्हतं. आणि आत्ता त्याच्या अंगावर जी काळी पँट होती, तिला पुढून दुहेरी अस्तर लावलेलं होतं. शिंप्याच्या मुलीला ते दिसलं.

तिला वाटलं, आता दादा बोलेल. त्यालाही दिसलं असेल. पण थोरला करड्या पँटची कंबर टेपने मोजत होता.

मग तिने तपकिरी पँट काकाच्या हातून घेतली आणि पलंगावर पसरून घडी घालायला लागली. मान खाली, नजर शिवणीवर.

"काका, लघवीतून रक्त येतं का?"

तिने हे कंबरेच्या आकड्यासारखं विचारलं. खोलीत सगळ्यांचे हात थांबले.

"ए," थोरला म्हणाला.

"कशाला काय विचारतेस, मास्तरीणबाई," काका म्हणाला आणि हसायला गेला. "खडा आहे लहानसा. आमच्या घराण्यातच आहे. तो काढा सुरू केलाय, पडेल."

"घराण्यात नाही. बाबांना खडा नव्हता."

"अगं, पाहुण्यांचं येणं-जाणं चाललंय," सून हळूच म्हणाली आणि दाराकडे बघितलं.

आई उठली. धाकटीला वाटलं, ती आता आपल्याला गप्प करणार. आईने दार लोटलं, कडी घातली नाही, आणि परत येऊन काकाच्या शेजारी पलंगाच्या कडेवर बसली. दिराच्या इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती.

"बोलू दे तिला," आई म्हणाली. "भावजी, सायकलची गोष्ट तुम्ही इतक्या वर्षांत मला का नाही सांगितली?"

"शपथ घातली होती, वहिनी."

"हो," आई म्हणाली. "बरोबर आहे." आणि तिने करडी पँट ओढून घेऊन मांडीवर धरली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते धाकटीला नीट वाचता आलं नाही. सुटका असेल. आणि सुटका आता झाली, म्हणून पुन्हा लाज.

"बाबांना कॅन्सर होता," धाकटी म्हणाली. "मूत्रमार्गाचा. म्हणजे लघवीच्या नळीचा. पुरुषाच्या अवयवात असते, त्या नळीचा. आम्ही सगळ्यांनी मुतखडा सांगितलं, तुम्हालाही. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून पाला उकळून पिताय."

काकाने एकदा तिच्याकडे, एकदा थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने टेप गुंडाळला. तो खाली बघत होता, पण हसत नव्हता. बहिणीला अडवतही नव्हता.

"मला दांडी नव्हती लागली," काका म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी गवतात पडलो होतो."

"म्हणून तुमचं तेच असेल असं नाही. साधंही असेल काही. पण पाल्याने कळणार नाही. कधीपासून आहे?"

"भाऊने बटणं नेली ना, त्याच्या आसपास."

"एवढे दिवस?" सून म्हणाली.

"कुणाला सांगणार? दुकानात बायकाच येतात दोरे घ्यायला." त्याने कपाळ पुसलं. "भाऊला सांगणार होतो. तर त्याचंच एवढं सुरू होतं."

धाकटीने घडी पूर्ण केली. डाव्या पायावर हात फिरवून तिने ती सपाट केली. डॉक्टरांच्या खोलीतली खुर्ची तिला दिसत होती. बाबा तपासणीच्या पलंगावर, ती शेजारच्या खुर्चीत, पर्स मांडीवर, चेहरा शांत ठेवून. मार लागला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं होतं. अगदी क्षणभर. मग ते नाही म्हणाले होते. तिला ते बघणं कळलं होतं. तिने फक्त उठून बाहेर जायचं होतं. पण मुलीने घाबरून उठून जाऊ नये असं तिला वाटलं, आणि ती बसून राहिली. नंतरही, त्या रिक्षातही, दुकानातल्या त्या शेवटच्या सकाळीही, ती बाबांना कधी म्हणाली नाही, की बाबा, मला माहीत आहे कुठे दुखतं, तुम्ही बोला.

ती काकासमोर खाली बसली. आता मात्र तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"काका, उद्या सकाळी आपण त्याच डॉक्टरांकडे जायचं. मी तुमच्याबरोबर येते. दारापर्यंत येईन. तुमचं नाव सांगेन, कशासाठी आलोय तेही मीच सांगेन, सगळं नीट नाव घेऊन. बाबांच्या वेळी मी आत बसून राहिले, आणि मी बसले होते म्हणून ते खोटं बोलले. तुम्ही काही लपवू नका. रक्ताचं सांगा, नळ सोडून उभं राहता ते सांगा, गवताचंसुद्धा सांगा. मी आत येणार नाही. मी बाहेर बाकावर बसेन."